विषय अप्रस्तुत

गेल्या दिवाळीपूर्वी मंडळाची खोली रंगवायला काढली, तेव्हा लोखंडी कपाट रिकामे करण्याचे काम आमच्या वाट्याला आले. वयोमानाने शिडीवर चढण्याचे काम आम्हांला कोणी देत नाही. कागद निवडण्याचे तेवढे देतात. जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, वाळवीने चाळण केलेले दोन दिवाळी अंक आणि त्यांखाली पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली तेवीस पाने निघाली. निळी शाई, उजवीकडे झुकलेले अक्षर. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईत शेरा होता: ‘विषय अप्रस्तुत. साभार परत.’ खाली १९९४ सालची तारीख आणि स्वाक्षरी. स्वाक्षरी आमचीच.

साभार परत असे लिहिलेली पाने तीस वर्षे कपाटातच राहिली होती. परत करण्याचे राहून गेले, की परत करताना त्या बाईंच्या डोळ्यांकडे पाहावे लागेल म्हणून आम्ही ते राहू दिले, हे आता आमचे आम्हांलाही सांगता येणार नाही.

त्या बाई बिड़ला नगरच्या. आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत राहत. आजच्या पिढीस बिड़ला नगर म्हणजे रेल्वेचे एक लहानसे स्टेशन, एवढेच ठाऊक. आमच्या पिढीला तेथला भोंगा ठाऊक आहे. जियाजीराव कॉटन मिलच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लावली जात. आमचे वडील मिलच्या हिशेबखात्यात होते, बाईंचे यजमान विणकाम खात्यात. लष्करातील जुनी सरदार-मानकऱ्यांची घरे आम्हां बिड़ला नगरवाल्यांना ‘मिलवाले’ म्हणत. त्या म्हणण्यात तुच्छता नसे, पण अंतर असे. मंडळाच्या बैठका लष्करात होत. हजीऱ्यावरून टेंपोत बसायचे, बाड्यावर उतरायचे, आणि बैठक आटोपल्यावर शेवटचा टेंपो चुकू नये म्हणून चहाचा दुसरा पेला नाकारून निघायचे, असा आमचा क्रम. बाई बहुधा आमच्याच टेंपोत असत. बोलत कमी. १९९४ च्या हिवाळ्यात त्यांनी पत्रिकेसाठी ही कथा दिली. पत्रिका तेव्हा सायक्लोस्टाइलवर निघे, आणि आम्ही तिचे चिटणीस होतो.

कथा माधवीची होती. ययातीची मुलगी माधवी. नाव ऐकून पुष्कळांना आठवणार नाही, म्हणून महाभारताच्या उद्योगपर्वातील मूळ हकीगत थोडक्यात सांगतो. विश्वामित्राचा शिष्य गालव गुरुदक्षिणेचा हट्ट धरतो. गुरू वैतागून चंद्रासारखे पांढरे, पण एक कान काळा असलेले आठशे घोडे मागतो. गालव ययातीकडे येतो. राजापाशी घोडे नाहीत, आणि याचक विन्मुख पाठवायचा नाही, म्हणून तो आपली मुलगी देऊन टाकतो. गालव तिला अयोध्येच्या हर्यश्वाकडे नेतो, मग काशीच्या दिवोदासाकडे, मग भोजांच्या उशीनराकडे. प्रत्येकाने दोनशे घोडे द्यायचे आणि एक मुलगा होईपर्यंत तिला ठेवून घ्यायचे. पृथ्वीवर तसे घोडे आणखी उरलेलेच नाहीत, म्हणून उरलेल्या दोनशेंच्या बदली ती विश्वामित्राला दिली जाते. त्यालाही तिच्यापासून मुलगा होतो. मग बापाच्या घरी परत, मग तिचे स्वयंवर, आणि स्वयंवरात ती वराऐवजी अरण्याला वरते. पुढे ययाती स्वर्गातून पडतो तेव्हा त्याला सावरायला हेच चार नातू आणि आपले निम्मे पुण्य देणारी ही मुलगीच उभी राहते.

ही गोष्ट नारद दुर्योधनाला सांगतो, ती हट्टाचा परिणाम काय होतो हे समजावे म्हणून. हट्ट गालवाचा. मुलीचे काय झाले, हा त्या उपदेशाचा विषय नाही.

बाईंनी कथेत एक बारीकशी जागा पकडली होती. प्रत्येक बाळंतपणानंतर ती पुन्हा कन्या होईल असा वर माधवीला मिळालेला आहे, आणि मूळ कथेत हे गालवाला तीच सांगते. मला एकेका राजाला दे आणि घोडे मिळव, ही युक्तीही तिच्याच तोंडी आहे. बाईंची माधवी अरण्यात बसून या एका वाक्याकडे पुनःपुन्हा येते. मी असे म्हणाले होते का? की मी म्हणाले असे लिहिले की सर्वांचीच सोय होते? कथेचे चार भाग होते. प्रत्येक भागात माधवी नव्या राजवाड्यात गेल्यावर आधी तबेल्यात जाते. घोडे दमले आहेत का हे विचारायला तेथे मोतद्दार असतो. नंतर शयनगृह येते, आणि तेथे बाईंनी शब्द झाकले नव्हते. मुलाकडून तारुण्य उसने घेणारा हा बाप मुलीचे तारुण्य उसने देतो, हे त्यांनी एका ठिकाणी इतक्या सरळ लिहिले होते, की वाचताना आमचे कान तापले हे आम्हांला आजही आठवते.

समितीत आम्ही पाच जण होतो. कोणीही कथा वाईट आहे असे म्हणाले नाही. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “महाभारतात आहे ते महाभारतात शोभते. आपल्या पत्रिकेत कशाला?” दुसऱ्यांनी घरातल्या मुलीबाळींचा प्रश्न काढला. तिसऱ्यांचा आक्षेप अधिक विचारपूर्वक होता: व्यासांचे पात्र घेऊन स्वतःचे मन त्यात ओतण्याचा अधिकार हिला कोणी दिला? बैठक झाली त्याच खोलीत, आमच्या पाठीमागच्या कपाटात, महाभारताचे मराठी भाषांतर उभे होते आणि उद्योगपर्वाचा खंड त्यांतच होता. तो मुलीबाळींना घरी न्यायला मोकळा होता. खांडेकरांची ‘ययाति’ही होती. १९५९ ची ती कादंबरी. १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळाले तेव्हा मंडळाने पेढे वाटले होते. खांडेकरांनी मूळ कथेतून निघून गेलेल्या कचाला परत आणून कादंबरीभर वावरू दिले, तेव्हा त्यांना अधिकार कोणी दिला असे आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. इरावती कर्व्यांनी १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा असा तर्क मांडला, आणि तेही पुस्तक आम्ही मानाने ठेवले होते. विद्वान बाई लिहितात तो तर्क, आणि मिलच्या क्वार्टरमधली बाई लिहिते तो अतिप्रसंग, असे काहीसे आमच्या मनात असले पाहिजे. आम्ही गप्प बसलो, आणि चिटणीस म्हणून शेरा लिहिला.

त्या संध्याकाळी टेंपोत बाई शेजारी होत्या. निर्णय त्यांना समजला होता. हजीऱ्याला उतरताना त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, हिंदीत लिहिली असती तर तुम्ही वाचली असती ना?”

आम्ही काही उत्तर दिले नाही. पण उत्तर होय असेच होते. भीष्म साहनी यांचे ‘माधवी’ हे हिंदी नाटक याच कथेवरचे आहे, आणि ते आमच्यातल्या अनेकांनी वाखाणलेले होते. तेच मराठीत, आपल्याच आळीतल्या बाईच्या हातून आले, आणि आम्हांला सोवळे आठवले.

या सोवळ्याचा आम्ही अलीकडे पुष्कळ विचार केला आहे. दौलतरावांनी १८१० साली येथे छावणी घातली तेव्हापासून धरले, तर दोनशे वर्षांहून अधिक काळ आपली घरे या मुलखात आहेत. बाजार हिंदीत झाला, कचेरी हिंदीत झाली, भांडणे हिंदीत, शिव्या तर अस्सल हिंदीत. मराठी राहिली ती देवघरात, पंगतीत, मंगलाष्टकांत आणि मुलांना कडेवर घेऊन बोलण्यात. महाराष्ट्रातल्या माणसाला मराठीत रडावे लागते, फसवावे लागते, पोलिसांत तक्रार द्यावी लागते. आम्ही ही सारी कामे दुसऱ्या भाषेवर सोपवून मराठीला धुतवस्त्रात ठेवले. १९६१ साली ग्वाल्हेरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिल्या स्त्री-अध्यक्ष लाभल्या, याचा अभिमान आपण अजून मिरवतो. पण आपल्या बायकांनी मराठीत काय लिहावे याची सीमा तेव्हाही घरातच आखलेली होती.

आणि तरी ही सीमा पूर्वी इतकी पक्की नव्हती, अशी आमची शंका आहे. आषाढात मुरारकडून जांभळांच्या टोपल्या येत. आमची आजी मिठाच्या पाण्यात जांभळे टाकून बसे आणि भोवतीच्या बायकांना द्रौपदीची गोष्ट सांगे. वनवासात झाडावरून एक जांभूळ तोडले जाते. ते एका तपस्व्याचे अन्न असते. शाप टाळायचा तर प्रत्येकाने मनातले खरे बोलावे, म्हणजे फळ देठाला पुन्हा चिकटेल, असे कृष्ण सांगतो. पांडव बोलतात, फळ वर चढत जाते. द्रौपदी बोलते, तेव्हा फळ अडते. मग ती खरे सांगते, की पाचांखेरीज सहावा कर्ण मनात आहे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे, दाराआड. आजी आम्हांला हाकलत नसे, आणि आवाजही खाली आणत नसे. व्यासांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. गोंधळ्यांनी ती सांगितली, बायकांनी सांगितली, आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ म्हणून रंगमंचावर गाजवली. आजीला कोणी विचारले नाही, की व्यासांचे पात्र तू कशी घेतेस. आजीच्या तोंडात जे सहज बसले ते कागदावर उतरताच आम्हांला अप्रस्तुत वाटले.

पाने सापडल्यावर ती आम्ही मंडळाच्या आताच्या समितीपुढे ठेवली. समितीत एक पंचविशीची सभासद आहे. ती आम्हांला काका म्हणते, वयाने आजोबा म्हणायला हवे. पाने वाचून ती म्हणाली, “काका, ही तर फॅन फिक्शन आहे.” तिने समजावून सांगितले, की दुसऱ्याच्या कथेतली आवडती पात्रे घेऊन वाचकांनी स्वतः लिहिलेल्या कथांना असे म्हणतात, ‘स्टार ट्रेक’ नावाच्या मालिकेच्या चाहत्यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात अशा कथा स्वतः छापून, टाचून एकमेकांना वाटायला सुरुवात केली. ती कागदाची, हातयंत्राची पत्रिका ऐकून आम्हांला आमचे सायक्लोस्टाइल आठवले. त्या जगातही आमच्या समितीसारखाच वाद आहे. नात्यातला निषिद्ध संबंध, बलात्कार, कोवळ्या वयाच्या पात्रांचे शरीर, असे विषय या कथांतून येतात. एक पक्ष म्हणतो, लिहिणे म्हणजे समर्थन नव्हे. दुसरा म्हणतो, अशा लिखाणाने घृणास्पद गोष्टी अंगवळणी पडतात. तडजोड अशी, की कथेच्या माथ्यावरच आत काय आहे ते लिहायचे, ज्याला नको त्याने उलटून पुढे जावे.

ही तडजोड आपल्याला नवी नाही, असे आम्ही तिला सांगितले. १९७० साली तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ आले, तेव्हा गर्भपातानंतर माणिकच्या लुगड्यावर दिसणाऱ्या तांबड्या डागाला परीक्षण मंडळाने हरकत घेतली. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला, आणि हा निळा डाग प्रेक्षकांनी तांबडा समजावा असे प्रयोगाआधी सांगू लागले. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाले, आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवले, कारण नाना फडणवीस त्यात कामांध दाखवले होते. पुढे थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपात न्यायचे ठरले तेव्हा पुन्हा काहूर उठले, आणि हे नाटक इतिहास नव्हे असे निवेदन प्रयोगाआधी करण्याचा तोडगा निघाला. माथ्यावरची सूचना ती हीच.

येथे एक कबुली देणे भाग आहे. ‘घाशीराम’च्या बाजूने बोलताना आम्हांला कधी कष्ट पडले नाहीत. नाना पुण्याचे, ग्वाल्हेरला त्यांच्याविषयी ममता असण्याचे कारण नाही. पण उद्या कोणी आमच्या महादजींना, पाटीलबावांना, तसा नाचवला तर? आम्ही तेंडुलकरांच्या बाजूने जितक्या मोठ्याने बोललो तितक्याच मोठ्याने बोलू का? अंगावर शहारा आला खरा. तो शहारा म्हणजे पुरावा नव्हे, इतके आता कळते.

न्यायालयालाही हा प्रश्न सोपा गेलेला नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली, म्हणजे आमच्या तांबड्या शेऱ्याच्याच वर्षी, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनमध्ये छापली गेली. ते बुलेटिन केवळ सभासदांपुरते होते, आपल्या पत्रिकेसारखेच. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ मे २०१५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की ऐतिहासिक आदरस्थानाच्या तोंडी अश्लील शब्द घातले असतील, तर अश्लीलतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल. छापणाऱ्याने आधीच बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून त्याची सुटका झाली. कवीवरचा खटला मात्र चालू ठेवला गेला. संपादक सुटतो आणि लिहिणारा अडकतो, ही गोष्ट आम्ही जुने संपादक म्हणून जरा थांबून वाचली. निकाल आम्हांला पटलेला नाही. कवितेतला गांधी हा गांधींविषयी नसून आपल्याविषयी असतो, हे एखाद्या साध्या वाचकालाही कळते. पण आम्ही स्वतः कोणत्या तोंडाने न्यायालयाला दोष द्यावा? आमच्याकडे तर गांधीही नव्हते, होती ती एक विस्मृतीत गेलेली राजकन्या.

यावरून आम्ही सगळेच छापण्याच्या बाजूचे झालो असे कोणी समजू नये. त्या तरुण सभासदाने वाचायला म्हणून काही इंग्रजी कथांच्या प्रती दिल्या. त्यांतल्या दोन आम्ही अर्ध्यावर मिटल्या. एका लहान मुलीचे हाल होते, आणि लिहिणारा ते हाल मिटक्या मारत पाहत होता. माथ्यावर सूचना होती. म्हणून काही ती कथा स्वच्छ झाली नाही. ती आम्ही तेव्हाही छापली नसती आणि आजही छापणार नाही. तेव्हा विषयावर शेरा मारणे चुकीचे, तर मारायचा कशावर? आमचे मत असे झाले आहे, की कथा कोणाच्या जागी उभी राहून पाहते ते पाहावे. जीन ऱ्हीस यांनी १९६६ साली ‘वाइड सारगासो सी’ लिहिली. ‘जेन एअर’ या शंभरावर वर्षे जुन्या कादंबरीत माळ्यावर कोंडलेली जी वेडी बायको आहे, तिच्या जागी त्या उभ्या राहिल्या. आमच्या बाई माधवीच्या जागी उभ्या होत्या. पण हे माप समितीत हात वर करून लावता येत नाही, हेही खरे. पाच जण बसले की पाच जागा होतात. आमच्या तरुण सभासदाला तर हे मत पटलेलेच नाही. तिचे म्हणणे, “काका, वाईट नजरेने लिहिलेले मला ओळखता येते. ते तुम्ही माझ्यासाठी आधीच गाळून ठेवू नका.” तिच्या वयात आम्हांला असे बोलता आले नसते. आणि तिच्या वयाच्या मुलींच्याच नावाने आम्ही ती कथा परत केली होती.

समितीने एकमताने ठरवले, की कथा येत्या अंकात घ्यावी. माथ्यावर दोन ओळींची सूचना असावी, आणि आमचा तांबडा शेराही जसाच्या तसा छापावा. शेरा छापण्याला आमची हरकत नाही. हरकत कथा छापण्याला आहे, आणि ती आम्ही बैठकीत नोंदवली. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, क्वार्टरांतली कुटुंबे पांगली. बाईंचे बिऱ्हाड नागपूरला दिराकडे गेले एवढेच कानावर होते. त्या हयात आहेत की नाहीत ठाऊक नाही. हयात असतील तर ही तेवीस पाने आज त्यांना कशी वाटतील, हेही ठाऊक नाही. एकदा त्यांना न विचारता ती नाकारली. आता न विचारता छापायची? तरुण सभासद यावर काही बोलली नाही. तिने पाने पुन्हा दोऱ्यात नीट बसवून आमच्या हाती दिली.

जुन्या शेजाऱ्यांकडून, मिलच्या एका निवृत्त बाबूंकडून, दोन महिने खटपट करून नागपूरच्या महाल भागातला एक पत्ता मिळाला. पत्र मराठीत लिहिले. पहिल्या दोन मसुद्यांत ‘खेद’ हा शब्द फार वेळा आला, ते फाडले. तिसऱ्यात एवढेच आहे, की आपली कथा आमच्याकडे आहे, ती परत पाठवावयाची राहिली होती, आणि छापावी की नाही ते आपण सांगावे. खाली आमचा बिड़ला नगरचा जुना क्वार्टर क्रमांकही लिहिला, ओळख पटावी म्हणून. पत्र रजिस्टरने गेले. पोचपावती आली आहे. तिच्यावरची सही त्यांची नाही. कोणा दुसऱ्याने, बहुधा मुलाने किंवा सुनेने, पत्र घेतलेले दिसते.

अंकाचा मजकूर मुद्रकाकडे द्यायला आणखी अकरा दिवस आहेत. चौदा पृष्ठे आम्ही रिकामी धरून ठेवली आहेत. उत्तर न आल्यास तेथे सभासदांची यादी जाईल.